दोन बोटं खाली

भोक पांढऱ्या पुठ्ठ्यात पडलं होतं. काठाला चाटून गेलेलं नव्हे, ज्यावर हुज्जत घालता येईल असं नव्हे. चांगलं आत, गोल, काळ्या कडेचं. डेल्बर्टने त्यावर करंगळी टेकवली, "एक पांढरा," असं पुटपुटत टॅबलेटवर नोंद केली आणि भोकावर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली. पट्टी लागल्याबरोबर पुठ्ठा काही घडलंच नाही असा दिसायला लागला. बाकीची माणसं पुढच्या पुठ्ठ्याकडे सरकली. ऑरिन स्टॅडलर मात्र तिथेच उभा राहिला. तपकिरी पुठ्ठा मारायचा आणि पांढरा सोडायचा, एवढाच काय तो या खेळाचा धर्म. तपकिरी म्हणजे मारेकरी, पांढरा म्हणजे मध्ये सापडलेलं कुणीतरी बिचारं, असं जुने लोक नव्यांना सांगत. सात यार्डांवर पांढऱ्याच्या खांद्यामागून एक तपकिरी डोकं डोकावत होतं, ऑरिनने लाल ठिपका त्या डोक्याच्या हनुवटीवर ठेवला होता आणि घोडा ओढला होता. ठिपका हलला नव्हता. हे तो शपथेवर सांगायला तयार होता. आणि गोळी दोन बोटं खाली, पांढऱ्यात गेली होती.

ती तिथेच जाणार होती, हीच तर गोम होती. पिस्तुलाची गोळी उडवणारी ही आखूड कार्बाइन. तिच्यावरची काच, ज्यात ठिपका दिसतो, ती नळीच्या अडीच इंच वर बसलेली असते. डोळा वरून बघतो, गोळी खालून निघते. पंचवीस यार्डांवर झिरो बांधला की तिथे दोघांची गाठ पडते, तिथे जे दिसतं तेच लागतं. त्याच्या अलीकडे मात्र गोळी अजून वर यायचीच असते. सात यार्डांवर ती दोन बोटं खाली असते, म्हणून ठिपका दोन बोटं वर धरायचा. क्लबात आलेल्या कुठल्याही नवख्याला पहिल्या आठवड्यात हे कळतं, कारण ऑरिन ते त्याला सांगतो. अकरा वर्षं टल्सातल्या या क्लबाच्या बाकावर बसून त्यानेच सगळ्यांचे झिरो बांधून दिले होते. "पंचवीसला बांध, पन्नासचा फुकट मिळतो," हे त्याचं वाक्य पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करत म्हणत. त्याआधी छत्तीस वर्षं तो काउंटीचा मोजणीदार होता. तिकाटणं उभं केलं की आधी यंत्राची उंची लिहायची, मगच डोळा लावायचा. ती उंची वजा करायला विसरलास तर अख्खा डोंगर खोटा, असं त्याच्या पहिल्या साहेबाने त्याला बजावलं होतं. तो डोंगर ऑरिनने कधी खोटा पडू दिला नव्हता.

विसरणं त्याला नवीन नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षी माणूस चष्मा विसरतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव विसरतो. तेव्हा निदान एक मोकळी जागा दिसते. इथे काहीतरी होतं आणि ते आता नाही, हे कळतं. आज तशी जागाच दिसली नव्हती. बझर वाजण्याआधी सगळे करतात तसं त्यानेही डोळे मिटून, हवेत बोट नाचवत, पावलं मोजत अख्खा डाव मनात खेळून घेतला होता: डावीकडचे दोन, खिडकीतला एक, मग पळत जाऊन तो पांढऱ्यामागचा. त्या मनातल्या डावात ठिपका हनुवटीवर होता, गोळी हनुवटीवर लागत होती आणि सगळं ठाकठीक होतं. वर धरायचं असतं, असं काही या जगात असतं हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. भोक बघितल्यावर ते परत आलं, कुठूनतरी, जणू बाहेर गेलं होतं. त्याला भीती वाटली. साधी, लहानपणी पाण्यात पायाखालची जमीन सुटल्यावर वाटते ती.

"चल रे म्हाताऱ्या, लोक खोळंबलेत," डेल्बर्ट हळूच म्हणाला. डेल्बर्ट प्रूइट म्हणजे क्लबाचा सर्वेसर्वा, वीस वर्षांचा दोस्त, तोंडाने फाटका. एरवी पांढरा मारणाऱ्याची त्याने अख्ख्या रांगेसमोर सालटी काढली असती. आज तो त्यावरून काहीच बोलला नाही, आणि ते न बोलणं ऑरिनला त्या भोकापेक्षा जास्त लागलं.

घरी येताना नदीवरच्या पुलावर रिफायनरीचा तो कुजकट गोड वास आला आणि त्याबरोबर सकाळची गोष्ट आठवली. सकाळी पिशवीतून कार्बाइन काढली तेव्हा ठिपका जागेवर नव्हता. सरावाच्या पट्टीवर तीन गोळ्या झाडून बघितल्या तर तिन्ही पंचवीसला चार बोटं वर. कुणीतरी हात लावला होता. त्याने पाना काढून तो पुन्हा पंचवीसवर बसवला होता, एवढं स्वच्छ आठवत होतं. कुणी लावला असेल हात? क्लबात कुणी दुसऱ्याच्या हत्याराला न विचारता बोटसुद्धा लावत नाही. तो शिष्टाचार मोडला तर माणसाला दुसऱ्यांदा आत घेत नाहीत. डेल्बर्ट? डेल्बर्टकडे पाना होता. डेल्बर्ट हल्ली त्याच्याकडे बघून नजर चुकवत होता. हा विचार मनात येताच त्याला बरं वाटलं. गुन्हेगार दुसरा कुणी असला की आपल्या डोक्याची चौकशी थांबते. मागून हॉर्न वाजला. सिग्नल हिरवा होऊन गेला होता आणि तो कधीपासून हिरवा होता ते त्याला सांगता आलं नसतं.

लव्हॉन मोरीपाशी भांडी विसळत होती. सप्टेंबर संपत आला तरी टल्सातला उकाडा हटत नव्हता, आणि ही बाई पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून उभी. बाही ओली होऊ नये म्हणून तिने ती कोपरापर्यंत सारली तेव्हा मनगटाच्या वर एक निळसर डाग दिसला.

"हे काय गं?"

"ओव्हनचं दार लागलं."

"कधी?"

"काल. काही नाही रे एवढं. तू हात धू आधी, दारूचा वास येतोय." बंदुकीच्या दारूवरचा हा विनोद ती तीस वर्षं करत होती. त्याने हसून हात धुतले. भोकाबद्दल तो तिला काही बोलला नाही. ती त्याच्या बोलण्याची वाट बघत होती असं त्याला वाटलं, पण जेवताना तिने मक्याचा पाव पुढे केला आणि हवेबद्दल बोलायला लागली.

न बोलण्याचं कारण हार्लन होता. हार्लन म्हणजे ऑरिनचा थोरला भाऊ, नदीपलीकडे राहायचा, सहा वर्षांपूर्वी गेला. जाण्याआधी दोन वर्षं तो हळूहळू घरातून निघून गेला होता, घरात बसल्या बसल्या. आधी रस्ते गेले, मग नावं. एका सकाळी त्याची बायको ज्यूनी अंडी तळत होती आणि हार्लन टेबलापाशी मांडीवर भरलेली बारा बोअरची बंदूक घेऊन बसला होता. शांतपणे त्याने तिला विचारलं, "बाई, माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही काय करताय?" ज्यूनीने अंडी करपू दिली आणि पाठ न वळवता त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिली, ऑरिन येईपर्यंत. सात बंदुका ऑरिनने गोधड्यांत गुंडाळून आपल्या पिकअपमध्ये घातल्या. हार्लन ओसरीवर उभा राहून बघत होता. "चोर आहेस तू," तो म्हणाला, "मी ओळखत नाही तुला, पण तू चोर आहेस." परत येताना गाडीत ऑरिन लव्हॉनला म्हणाला होता, "माझं असं झालं ना, तर मी ही वेळ येऊ देणार नाही. कपाटाची चावी मीच आणून तुझ्या हातात देईन. आपण होऊन." लव्हॉन म्हणाली होती, "लक्षात ठेव हं." आणि दोघंही हसले होते, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बंदुकांच्या लोखंडी कपाटाची ती चावी अजून त्याच्या पट्ट्याच्या कडीला होती. रविवारी सकाळी चर्चमध्ये बसल्या बसल्या तो ती चाचपत होता.

प्रवचन चालू होतं आणि ऑरिन प्रार्थनेच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ आणि तिला खालून येऊन भेटणारी एक वाकडी रेघ काढत होता. चावी द्यायची वेळ आलेली नव्हती, हे त्याने आधी ठरवून टाकलं. एका भोकासाठी कुणी चावी देत नाही. दुसरा उपाय होता. झिरो जवळ आणायचा. पंचवीसवरून दहावर. दहाला गाठ पडली की सातला दोन बोटांचं एक बोट उरतं. तेवढं डोक्याच्या पुठ्ठ्यात सहज खपतं. पांढरे नेहमी जवळच असतात, पाच, सात, दहा यार्डांवर. जवळचं काही ध्यानात ठेवायला नको, दिसेल तिथे ठेवायचं आणि ओढायचं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याने वाकडी रेघ पुढे नेली. दहाला वर येऊन भेटलेली गोळी तिथे थांबत नाही, वरच चढत जाते: पंचवीसला चार बोटं वर, पन्नासला जवळजवळ वीतभर. म्हणजे लांबच्या लोखंडी तबकड्या मारताना ठिपका खाली धरायचा हे ध्यानात ठेवायचं. रेघ त्याने पंधराला भेटवून बघितली, वीसला भेटवून बघितली. एका बाजूचं विसरायची सोय केली की दुसऱ्या बाजूचं लक्षात ठेवणं आलंच. दोन रेघा, एक वर, एक खाली. एकाच ठिकाणी नाहीतर फार तर दोन ठिकाणी भेटणार, बाकी सगळीकडे अंतर. असं कुठलंच अंतर नव्हतं जिथे झिरो बांधला की काहीच आठवावं लागणार नाही. पण लांबचं चुकलं तर गोळी मातीच्या बांधात जाते. जवळचं चुकलं तर पांढऱ्यात. बांधाला काही होत नाही. शेजारी बसलेल्या लव्हॉनने पत्रिकेकडे एकदा पाहिलं, रेघा पाहिल्या, आणि मान खाली घातली. प्रार्थना करत असावी. दहा, ऑरिनने ठरवलं आणि आकड्याभोवती गोल केलं.

दुपारी तो क्लबात पोचला तेव्हा तांबड्या मातीवरून वारा सुटला होता आणि आवारात डेल्बर्टशिवाय कुणी नव्हतं. बाकावर वाळूच्या पिशव्या मांडलेल्या होत्या. दहा यार्डांच्या खुंटीला नवा पुठ्ठा टांगलेला होता. पाना उघडून पिशवीवर ठेवलेला होता.

"तुला कसं कळलं मी दहावर बांधणार म्हणून?" ऑरिनने विचारलं.

डेल्बर्टने टोपी मागे सारली. "अंदाज रे. वय झालं की सगळे जवळ येतात. मी तर पुढल्या वर्षी हातभर अंतरावर बांधणार आहे."

"पन्नासला वीतभर वर जाणार. तेवढं चालवून घेईन."

"हो."

"विचारत नाहीस का म्हणून?"

"तूच शिकवलंयस आम्हाला, आता मी तुला काय विचारू?" डेल्बर्ट पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला. "झाड तीन."

ऑरिनने तीन झाडल्या. पाना एवढासा फिरवला, पुन्हा तीन, पुन्हा एवढासा. शेवटच्या तीन गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलं, नाण्याएवढं. हात अजून सगळं जाणत होते. श्वास कुठे सोडायचा, बोटाचं पेर कुठे टेकवायचं, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. त्याला आपल्या हातांचा अभिमान वाटला आणि लगेच, का कोण जाणे, त्यांच्याकडे बघावंसं वाटेना. कार्बाइन रिकामी करून, रिकामी असल्याची खूण म्हणून चेंबरमध्ये नारिंगी झेंडी खोचून त्याने ती बाकावर ठेवली.

"डेल, काल सकाळी हिला कुणी हात लावला होता?"

डेल्बर्ट रिकामी काडतुसं वेचत होता. त्याचा हात थांबला. "कुणी नाही लावला, ऑरिन."

"ठिपका सरकलेला होता. चार बोटं वर मारत होती. आपोआप सरकतो होय?"

"हत्यार तुझ्याच घरी होतं. तुझ्याच कपाटात. चावी तुझ्याच कमरेला."

"मग कोण? लव्हॉन?"

"देवा रे," डेल्बर्ट म्हणाला, आणि उठून उभा राहिला. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं, साठीच्या दांडग्या माणसाचं तोंड तसं झालेलं बघवत नाही. "तिचा हात कसा आहे आता?"

"ओव्हनचं दार लागलंय. तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. हेच म्हणाली मलाही. ओव्हनचं दार." "गोड चहा आणलाय मी. घेणार?"

ऑरिनने चहा घेतला नाही. लव्हॉनने डेल्बर्टला फोन केला होता. कधी? कशासाठी? पुलावरून परत येताना हा प्रश्न त्याच्या मानेत कुसळासारखा टोचत राहिला. आरशात मागे डेल्बर्टचा जुना हिरवा ट्रक दिसत होता, दोन गाड्या सोडून. डेल्बर्टचं घर दुसऱ्या दिशेला होतं.

घरी आल्यावर त्याने कार्बाइन कपाटात ठेवली, चावी फिरवली आणि खोलीतल्या टेबलापाशी मोजणीची वही घेऊन बसला. नोकरी सुटली तरी ही सवय सुटली नव्हती. नारिंगी पुठ्ठ्याची, पानांवर आकडे छापलेली, खिशात मावणारी वही. तिचे नियम पोटापाण्याइतके पक्के होते: पेन्सिलीने लिहायचं, खोडरबर वापरायचा नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून वर बरोबर लिहायचं म्हणजे चूकही वाचता आली पाहिजे, आणि काही झालं तरी पान फाडायचं नाही. पहिल्याच वर्षी त्याच्या डोळ्यांसमोर एका जोडीदाराला पान फाडल्याबद्दल घरी पाठवलं होतं. लिहून झालेली पानं रबरबँडने एकत्र बांधून ठेवायची, म्हणजे वही उघडली की कोरं पान समोर येतं. त्याने वही उघडली. रबरबँड उन्हाने कडक झालं होतं, ते तटकन तुटलं आणि पानं मागे उलटली.

*७ सप्टेंबर, रविवार. झिरो दहावर. जवळचं आठवावं लागू नये म्हणून.*

त्याने ते वाचलं आणि हसला. म्हणजे हा विचार आधीही येऊन गेला होता तर. खाली लिहिलं होतं: *१३ सप्टेंबर, शनिवार. ठिपका सरकलेला. कुणीतरी हात लावला असावा. पुन्हा पंचवीसवर.* त्याखाली: *१४ सप्टेंबर, रविवार. काल पांढरा मारला. झिरो दहावर. जवळचं आठवावं लागू नये म्हणून.* पुढच्या पानावर: *२० सप्टेंबर, शनिवार. ठिपका सरकलेला. कुणीतरी हात लावला आहे. डेल्बर्ट? पुन्हा पंचवीसवर.* *२१ सप्टेंबर, रविवार. काल पांढरा मारला. झिरो दहावर.* आणि मग कालची तारीख, कालची शंका, डेल्बर्टच्या नावाखाली दोन रेघा. अक्षर त्याचंच होतं, नेटकं, उभं, आकड्यांच्या सातला आडवी काडी. आज चर्चमध्ये त्याने जी रेघ काढली होती तीच रेघ सात तारखेला होती, चौदाला होती, एकवीसला होती. दर वेळी पंधराला भेटवून बघितलेली, वीसला भेटवून बघितलेली, आणि दर वेळी दहाभोवती गोल. तीन आठवडे एकच माणूस त्याच दारातून आत येत होता आणि घर पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत होता. पुठ्ठा आधीच का टांगलेला होता ते आता कळलं. ठिपका कुणी सरकवला तेही कळलं. ऑरिनला वाटलं खोलीत आणखी कुणीतरी आहे, पाठीमागे, आणि वळून बघितलं तर तो आपल्याइतकाच उंच असेल.

तो उठला, पट्ट्याच्या कडीतून चावी सोडवली आणि स्वयंपाकघरात गेला. खिडकीतून अजून लख्ख ऊन येत होतं. लव्हॉन ओट्यापाशी भेंडी चिरत होती, मक्याच्या पिठात घोळवून तळायला. त्याने चावी तिच्यासमोर लाकडी पाटावर ठेवली.

"हे घे. मी म्हणालो होतो ना तुला, हार्लनच्या वेळी. आपण होऊन देईन म्हणून." बोलताना त्याला थोडी फुशारकी वाटली. जे हार्लनला जमलं नाही ते त्याला जमलं होतं.

लव्हॉनने सुरी खाली ठेवली. ती दचकली नाही, रडली नाही. एप्रनला हात पुसले.

"मागच्या रविवारीही दिलीस," ती म्हणाली. "इथेच. त्याच्या आधीच्या रविवारीही. हेच बोललास."

ऑरिन खुर्ची ओढून बसला. "मग ती माझ्याकडे कशी?"

"शुक्रवारी मागतोस. शनिवारी मॅच असते ना, म्हणून शुक्रवारी तेलपाणी करायला काढायची असते तुला."

"आणि तू देतेस? मी दिलेली चावी मलाच परत देतेस?"

"आधी नाही देत. तू मागतोस, मी नाही म्हणते. मग तू पुन्हा मागतोस. मग ओरडतोस."

"मी?" चाळीस वर्षांच्या संसारात त्याने आवाज चढवल्याचं त्याला आठवत नव्हतं. "मी ओरडतो तुझ्यावर?"

बाही लव्हॉनने पुन्हा वर सारली होती, भेंडीच्या चिकाने भरू नये म्हणून, आणि आता तिने ती खाली ओढली नाही. कालचा निळा डाग आज गडद झाला होता. एक डाग नव्हता तो. एकाखाली एक असे चार होते, आणि त्यांच्या खाली, जुने पिवळे पडलेले, आणखी चार. ऑरिनची नजर मोजायला शिकलेली. लव्हॉनला काही सांगावं लागलं नाही. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत साडेतीन इंच. त्याने आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवून बघितला, मग काढून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकला. बिचारं पांढरं, त्याच्या मनात आलं, मध्ये सापडलेलं.

"लिहून ठेवतो," तो घाईघाईने म्हणाला. "वहीत लिहितो, सही करतो. 'चावी मागशील, मिळणार नाही, तूच दिली आहेस,' असं. शुक्रवारी ते पान माझ्यापुढे धर. माझं अक्षर मी मानेन गं. छत्तीस वर्षं मानलंय."

"पानांचे आकडे बघ," ती म्हणाली.

त्याने वही आणली, उलटली. बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस होतं. मधल्या शिवणीत कागदाची एक बारीक पट्टी उरली होती, सरळ, गुळगुळीत, पोलादी पट्टी धरून फाडलेल्या कागदाची असते तशी. मागे चौदा तारखेनंतर तशीच आणखी एक. तेवढ्या नेटकेपणाने पान फाडणारा माणूस टल्सात एकच असेल.

"दोन्ही वेळा लिहिलंस," लव्हॉन म्हणाली. "दोन्ही वेळा मी तुझ्यापुढे धरलं. वाचलंस शांतपणे. म्हणालास, हे अक्षर माझं नाही. मग पट्टी आणायला गेलास."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. ऑरिनने वही मिटून बाजूला सारली.

"डेल्बर्टला बोलाव," ऑरिन म्हणाला. "चावी नको ठेवूस. हत्यारंच जाऊ देत. सगळी."

"मी दर वेळी तेच म्हणते. तू म्हणतोस, चावी तुझ्याकडे, कार्बाइन घरात, तेवढ्याने भागेल."

"नाही भागत." हे म्हणताना चर्चमधल्या त्या दोन रेघा त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. "आत्ता बोलाव, लव्हॉन. आत्ता मला कळतंय तोवर."

"तो कोपऱ्यावर उभा आहे. मागच्या रविवारीही होता."

हिरवा ट्रक दारात लागायला मिनिटभरही लागलं नाही. डेल्बर्ट टोपी हातात घेऊन आत आला, कुणाकडे न बघता. ऑरिनने स्वतः कपाट उघडलं. एकेक हत्यार काढून, रिकामं असल्याचं डेल्बर्टला दाखवून, त्याने मान हलवल्यावर गोधडीत गुंडाळलं. गोधड्या हार्लनच्याच होत्या. कार्बाइन शेवटी. तिच्यावरून त्याने एकदा अंगठा फिरवला.

"दहावर बांधलेली आहे," तो म्हणाला. "पन्नासला वीतभर वर जाईल. कुणाला दिलीस तर सांग त्याला."

"सांगेन," डेल्बर्ट म्हणाला.

"आणि मी मागायला आलो तुझ्याकडे, तर—"

"ओळखतच नाही म्हणेन," डेल्बर्ट म्हणाला आणि रडत रडत हसला. ट्रक गेला. ऑरिन ओसरीवर उभा राहून तो वळेपर्यंत बघत होता. हार्लनला त्या दिवशी काय दिसलं असेल ते आता त्याला कळत होतं: आपल्या गोधड्यांत गुंडाळलेलं आपलं सामान आणि ते नेणारा एक माणूस. पाच दिवसांनी हेच दृश्य आठवणार नव्हतं. आठवणार होतं ते फक्त रिकामं कपाट.

तो आत आला. लव्हॉनने पुन्हा सुरी हातात घेतली होती, पण चिरत नव्हती. कपाटाचं दार उघडंच होतं आणि आत लोखंडावर जिथे दस्ते टेकायचे तिथे सहा गोल खुणा होत्या. घरात आता चालवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात मात्र घरातच राहणार होते.

"शुक्रवारी विचारशील तू," लव्हॉन म्हणाली. "कुठे गेलं सगळं, म्हणून. काय सांगू तुला?"

ऑरिनने विचार केला. त्याने खरोखर विचार केला, यंत्र लावून समोरची जमीन बघावी तसा, जवळचं आणि लांबचं, कुठे काय खाली जातं आणि कुठे वर. शुक्रवारचा तो माणूस त्याला नीट दिसत नव्हता. तो काय ऐकेल, कशाने थांबेल, हे त्याला सांगता येत नव्हतं. एकच गोष्ट त्याला ठाऊक होती, त्याचे हात किती पक्के आहेत ती.

"काही सांगू नकोस," तो म्हणाला. "त्या दिवशी तू घरात थांबू नकोस. ज्यूनीकडे जा."

"आणि तू?"

"मी असेन."

लव्हॉनने मान हलवली. मग तिने उरलेली भेंडी चिरायला घेतली, कारण ती चिरलीच होती अर्धी. ऑरिन टेबलापाशी बसून बोटांवर मोजत होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बोटं तेवढीच भरली, चार.